उपयोगी सूचना

चाळिशी उलटली की माणसाला दोनच गोष्टी सुचतात, असं तिचा नवरा म्हणायचा. एक तर गुडघ्याला तेल चोळत बसणं, नाहीतर राहून गेलेलं काहीतरी उकरून काढणं. तिने दुसरी निवडली. नगरपालिकेच्या बांधकाम विभागात एकोणीस वर्षं धोकादायक इमारती तपासल्यावर तिने सर्जनशील लेखनाच्या एम.ए.ला नाव घातलं. अर्जासोबत दहा पानांची कथा द्यायची होती, ती तिने ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, रद्द झालेल्या अहवालांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिली. प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हा नवरा म्हणाला, "आजवर तू भिंतींचं ऐकून घेत होतीस, आता भिंतींना तुझं ऐकावं लागणार." लेकीने तेवढ्यात विचारून घेतलं, आईला गृहपाठ असेल तेव्हा भांडी कोण घासणार.

वर्ग दर शनिवारी सकाळी नऊ ते एक भरायचा. विद्यापीठाने या विभागाला दिलेली खोली म्हणजे रसायनशास्त्राची जुनी प्रयोगशाळा. लांबलचक टेबलं, प्रत्येक टेबलाच्या टोकाला चिनीमातीचं बेसिन आणि वाकड्या मानेचा नळ. नळांना पाणी नव्हतं, तरी पहिले काही शनिवार जो तो ते फिरवून बघायचा. तिने आत आल्याआल्या सवयीने छताकडे पाहिलं, कोपऱ्यातली ओल पाहिली आणि खोली अजून पाच-सात वर्षं निभावेल असा मनातल्या मनात अहवाल देऊन टाकला. पेन शोधताना पर्समधून मोजायची टेप खाली पडली, ती सगळ्यांनी पाहिली, आणि दुपारपर्यंत तिचं नाव टेपताई पडलं.

एकूण आठ जण होते आणि खरी नावं फक्त हजेरीपटावर होती. वकिली सोडून आलेली एक वकीलीणबाई होती, ती कथेवर बोलायला उभी राहिली की कथाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे असं वाटायचं. कवितेला कंटाळून गद्याकडे वळलेली चोवीस वर्षांची एक मुलगी होती, हुशार, तुरुतुरु बोलणारी, तिला सगळे छोटी म्हणत. चौघे असे होते की आले तर आले. आणि खिडकीपाशी बसायचा तो मौनीबाबा. पन्नाशीच्या अलीकडचा, कडक इस्त्रीचा शर्ट, तीन महिन्यांत मोजून वीस वाक्यं बोलला असेल. नाव ठेवलेलं त्याला कळलं तेव्हा तो हसला, रागावला नाही, त्यामुळे तेच नाव कायम झालं.

शिकवणाऱ्या बाईंनी तिशीच्या आत दोन कादंबऱ्या लिहिल्या होत्या आणि नंतर वीस वर्षं फक्त दुसऱ्यांच्या छाटल्या होत्या. पाठीमागे सगळे त्यांना कात्रीबाई म्हणत. त्यांनी पहिल्या दिवशी फळ्यावर तीन नियम लिहिले आणि ते पुसायचे नाहीत असं शिपायाला बजावून ठेवलं. ज्याच्या लिखाणावर चर्चा चालू आहे त्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. 'हे खरं घडलं का' असं कोणीही विचारायचं नाही. आणि प्रत्येकाने लेखकाला निदान एक उपयोगी सूचना लेखी द्यायची. 'उपयोगी'खाली दोन रेघा होत्या. सूचनांना शंभरातले वीस गुण होते.

"या खोलीत माणसं बसलेली नाहीत," बाई म्हणायच्या. "कागद बसलेत. कागदाची कीव करायची नाही."

टेपताईचं घोडं अडलं ते या सूचनांपाशी. तिला गोष्ट वाचायला आवडायची, पण वाचून झाल्यावर काय म्हणायचं ते सुचायचं नाही. वकीलीणबाई निवेदकाच्या भूमिकेवर पंधरा मिनिटं बोलायची, छोटी प्रतिमांची साखळी उलगडायची, आणि टेपताईच्या कागदावर असायचं, 'पान चार, स्वल्पविराम हवा' किंवा 'आजोबांचं वय दोन ठिकाणी वेगळं आहे'. बाई तो कागद दोन बोटांत धरून बाजूला ठेवायच्या. कोणी टाकून बोलत नव्हतं, पण आपण पंगतीत चुकून बसलोय आणि वाढपी आपल्याला टाळून पुढे जातोय असं तिला दर शनिवारी वाटायचं. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणायची, "छान झाला वर्ग." नवरा काय ते ओळखायचा आणि पुढचं विचारायचा नाही.

दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला मौनीबाबाने पहिलं प्रकरण आणलं. गोष्ट एका भाच्याची आणि त्याच्या आत्याची होती. आई-वडील गेल्यावर आत्यानेच त्याला वाढवलं, आणि आता ती त्र्याऐंशीची झाली होती. अकरा वर्षं तो तिचं सगळं करत होता. तिचं जेवण, औषधं, डोळ्यांत थेंब, केस विंचरणं. रोज पहाटे उठून तो तिच्या दाराशी उभा राहायचा आणि श्वास ऐकू येतो का पाहायचा. 'ऐकू आला की तो चहा ठेवायला जायचा', एवढंच वाक्य होतं. माणूस किती थकलाय हे त्यात सगळं आलं होतं. प्रकरणाच्या शेवटी आत्या सज्जात उभी राहते, कठड्याला टेकते, कठडा तुटतो आणि ती खाली पडते.

सगळ्यांना लिखाण आवडलं आणि शेवट कोणालाच आवडला नाही. "मृत्यू आयता आणून दिलाय," बाई म्हणाल्या. वकीलीणबाई म्हणाली, "इतकी वर्षं उभा असलेला कठडा नेमका त्याच दिवशी का तुटावा? योगायोग. कुठलंही कोर्ट मान्य करणार नाही." छोटी म्हणाली की भाचा सगळी गोष्टभर नुसता वाट बघतो, पात्राने काहीतरी करायला हवं. मौनीबाबा नियमाप्रमाणे गप्प बसून लिहून घेत होता.

टेपताईच्या अंगात मात्र त्या दिवशी वारं शिरलं. कठडा. जन्मात पहिल्यांदा या खोलीत अशा गोष्टीवर बोलणं चाललं होतं जी तिला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होती. रविवारी जेवणं उरकल्यावर ती टेबलाशी बसली आणि तिने तीन पानं लिहून काढली, चौथ्यावर आकृती काढली. कठडा कधीच मधे तुटत नाही, तिने लिहिलं. तो बुंध्याशी जातो, जिथे उभा खांब लादीच्या खाली शिरतो तिथे, आणि वरून पाहणाऱ्याला रंग लावलेला, धडधाकट कठडा दिसतो. सगळे खांब जायची गरज नसते, शेजारशेजारचे दोन पुरतात. हात ठेवला तर काही होत नाही, अंगाचा भार टाकला की अख्खी चौकट बाहेर झुकते. म्हणून हा योगायोग नाही, तिने शेवटी लिहिलं, घरातल्या कोणाला तरी हे आधीपासून माहीत असू शकतं. हे वाक्य तिने दोनदा वाचलं आणि तिला ते फारच आवडलं.

बाईंनी ती पानं वर्गात वाचून दाखवली. सबंध. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आज टेपताईंनी आपल्या सगळ्यांचे कान उपटलेत. याला म्हणतात उपयोगी सूचना." वकीलीणबाईने मान डोलावली. छोटीने आकृतीचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. टेपताईच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. शाळेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद तिला झाला आणि तो लपवताही येईना. बोलायची पाळी आल्यावर मौनीबाबा उठला, तिच्याकडे पाहून म्हणाला, "आभारी आहे. खूप उपयोग होईल." त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला ही हकिगत दोनदा सांगितली, आणि त्याने दोन्ही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली.

तीन आठवड्यांनी दुसरा खर्डा आला. आता भाचा नुसता वाट पाहत नव्हता. एका बुधवारी तो आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे शेजारणीसोबत पाठवतो, सज्जातल्या दोन लाद्या उचकटतो, दोन खांबांचे बुंधे मोकळे करतो, खाचांत रंगाऱ्याची लांबी भरून वरून रंग लावतो. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या तिच्या कुंड्या उचलून सज्जात, कठड्याला लागून मांडतो. प्रकरण तिथेच संपत होतं. आत्या अजून जिवंत होती, आणि कुंड्यांना रोज पाणी घालावं लागतं.

वर्ग हरखून गेला. पात्र शेवटी हललं, ताण आला, बळजबरीचं काही राहिलं नाही. वकीलीणबाई म्हणाली, आता ही गोष्ट दोषी ठरायला लायक झाली, आणि सगळे हसले. टेपताईसुद्धा हसली. मग तिची नजर पान सहाच्या तळाशी गेली. 'लादीखाली सिमेंट नव्हतंच. बुंध्याभोवती शिसं ओतलेलं होतं, मऊ, नखाने ओरखडा उठेल इतकं.'

तिने शिशाचा उल्लेख कुठेच केला नव्हता. करणार तरी कशी, आजकाल कोणी शिसं ओतत नाही. फार जुन्या बांधकामात दगडात भोक पाडून, त्यात लोखंडी खांब उभा करून, भोवती वितळलेलं शिसं ओतायचे. पुस्तकात ते सापडणार नाही, आणि बाहेरून कोणाला दिसणार नाही. लादी उचकटलेल्या माणसालाच ते कळतं. आणि नखाने ओरखडा उठतो हे कळायला नख लावावं लागतं.

चहाच्या सुट्टीत ती कॉरिडॉरमध्ये त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. "ते शिसं तुम्हाला कुठून कळलं?" तिने विचारलं.

त्याने कप खिडकीत ठेवला. "टेपताई, नियम," तो हसून म्हणाला. मग फार मायेने म्हणाला, "पण खरं सांगू का, तुम्ही नसतात तर मी अजून तिच्या दाराशी उभा राहून श्वास ऐकत बसलो असतो."

तो 'मी' म्हणाला हे त्याच्या लक्षात आलं की नाही, ते तिला कळलं नाही. ती थेट बाईंच्या खोलीत गेली आणि जे वाटत होतं ते सांगून टाकलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्हाला इतकं खरं वाटलं," त्या म्हणाल्या, "हे मी त्याला सांगू का? फार बरं वाटेल त्याला." टेपताई म्हणाली, मी चेष्टा करत नाहीये. "मीही नाही करत," बाई म्हणाल्या. "दर वर्षी एखादा विद्यार्थी येऊन सांगतो की अमक्याची गोष्ट खरी आहे. एका मुलाने तर आपल्या कथेत मला विहिरीत ढकललं होतं. त्याला पासष्ट गुण दिले मी. घरी जा, विश्रांती घ्या."

रविवार तिने कसाबसा काढला. सोमवारी ऑफिसात पोचल्याबरोबर जुन्या इमारतींची नोंदवही काढली. शिशात बसवलेले कठडे गावात एकाच वसाहतीत उरले होते, गिरणीच्या कारकुनांसाठी बांधलेल्या तीन दुमजली इमारतींत. तिने ओळखपत्र गळ्यात अडकवलं, हातोडी आणि पटाशी पिशवीत टाकली आणि निघाली. आपण चुकीचं ठरावं, चार लोकांत हसं व्हावं, असं तिला त्या दिवशी मनापासून वाटत होतं. पहिल्या इमारतीत कोणी आत्या नव्हती. दुसरीत वरच्या मजल्यावर बेल वाजवल्यावर बराच वेळ काही झालं नाही, मग सावकाश येणारी पावलं ऐकू आली.

दार उघडणारी बाई कागदावरच्या बाईपेक्षा ठेंगणी होती आणि जास्त बोलकी. "नगरपालिका?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांत नळाला पाणी आलं नाही तेव्हा कोणी फिरकलं नाही, आणि आता बायकांना पाठवायला लागले होय? बस गं, धापा टाकतेयस." तिने स्वतः आत जाऊन पाणी आणलं. भाचा कामावर गेला होता. तो किती चांगला आहे हे तिने न विचारता सांगितलं. पोरगा नाही, लेकीसारखं करतो माझं. लग्न केलं नाही, कशात मन रमवत नव्हता, आता शनिवारी कसल्याशा वर्गाला जातो, तेव्हापासून जरा खुलला.

सज्जाचं दार उघडं होतं. नऊ कुंड्या कठड्याला लागून ओळीने मांडल्या होत्या, आणि त्यांतली माती ओली होती. टेपताई गुडघ्यांवर बसली. बाहेरच्या बाजूच्या दोन खांबांपाशी रंग ताजा होता. तिने पटाशीचं टोक लावलं तर लांबी भुगा होऊन निघाली. खाली भोक रिकामं होतं. गंजून मोकळं झालेलं भोक तांबूस आणि खडबडीत असतं. हे आतून चकचकीत होतं, कोणीतरी बसून खरवडलेलं. तिचीच आकृती होती ती, लोखंडात काढलेली. दोन खांब, शेजारशेजारचे.

"काय गं, काय सापडलं?" आत्या मागून येत म्हणाली.

"तिथेच थांबा," टेपताई ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पुढे येऊ नका, आत्या. तुम्ही इथे रोज येता?"

"येते की. पूर्वी नव्हते येत, चक्कर यायची. भाचा म्हणतो, सकाळी उन्हात उभी राहत जा, टेकून, हाडांना बरं असतं."

टेपताईने तिला हाताला धरून आत खुर्चीवर बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. पण भाचा हा शब्द उच्चारल्यावर म्हातारीचा चेहराच बदलला. "त्याच्याबद्दल एक शब्द बोलायचं नाही," ती म्हणाली. "अकरा वर्षं माझी घाण काढतोय तो. तुझ्या घरी कोणी काढेल का तुझी?" तिने तपासणीचा फॉर्म भरला, लाल नोटीस सज्जाच्या दारावर चिकटवली आणि फोन करून ऑफिसचा सुतार बोलावला. तीन वाजेपर्यंत सज्जाच्या दाराला आतून फळ्या ठोकल्या गेल्या; तोवर आत्या दोनदा खाटेवरून उठून सुताराला झाडून गेली. कुंड्या तिने स्वतः एक-एक करून पुन्हा स्वयंपाकघरात नेल्या.

तिथून ती पोलीस चौकीत गेली. पाडकामाच्या वेळी बंदोबस्ताला येणारा फौजदार तिच्या ओळखीचा होता. त्याने दुसऱ्या दिवशी भाच्याला बोलावून घेतलं आणि मग तिला फोन केला. "ताई, तो म्हणतो शिसं विषारी असतं असं कुठेतरी वाचलं म्हणून काढलं, दुरुस्ती अर्धवट राहिली. तुमचे आभारच मानत होता. आत्या तर मलाच झाडायला लागली. आणि गोष्टीचं म्हणाल तर, गोष्ट लिहिणं हा काही गुन्हा नाही. तसं असतं तर माझ्या बायकोने मला रोज आत टाकलं असतं, इतक्या मी घरी सांगतो."

तिने स्वतःची समजूत घातली. सज्जा तर बंद झाला. तिच्याच सूचनेने उघडलेलं भोक तिनेच बुजवलं, फिटंफाट झाली. त्या आठवड्यात ती बऱ्यापैकी झोपलीही.

शनिवारी पाळी खरं तर छोटीची होती, पण मौनीबाबाने तिच्याकडून मागून घेतली होती. त्याने दोनच पानं वाटली. भाच्याच्या घरी नगरपालिकेची एक तपासनीस येते, सज्जाच्या दाराला फळ्या ठोकते, निघून जाते. संध्याकाळी भाचा घरी येतो. 'नोटिशीवरची सही त्याने ओळखली. त्याला राग आला नाही. पहाटे तो पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला. श्वास ऐकू येत होता.' खाली ओळीभर जागा सोडून पेनाने लिहिलं होतं, 'इथे अडलो आहे. सूचना हव्यात.'

"वा," बाई म्हणाल्या. "लेखकाने स्वतःच्या वाटेत स्वतःच भिंत उभी केली. फार थोड्यांना जमतं. चला, आज सगळे मिळून याला बाहेर काढू."

आणि खोलीत उत्साह संचारला. एरवी न बोलणारे ते चौघेही खुर्च्या पुढे ओढून बसले. कोणी जिना म्हणालं. कोणी न्हाणीघर म्हणालं, त्यावर वकीलीणबाई म्हणाली न्हाणीघर फार वापरून झालंय. डोळ्यांच्या थेंबांवर बरीच चर्चा झाली आणि ते पटण्यासारखं नाही असं ठरलं. मौनीबाबा प्रत्येक सूचना व्यवस्थित लिहून घेत होता, मान खाली, ओळीखाली ओळ.

"ती जगली तर?" टेपताई म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे, गोष्टीच्या दृष्टीने. भाच्याला पश्चात्ताप होतो. किंवा आत्याच आपली आपण जाते, म्हातारपणाने. काही वर्षांनी."

"टेपताई," वकीलीणबाई समजुतीच्या सुरात म्हणाली, "ही पळवाट झाली. वाचकाला इतकं आणून सोडल्यावर?"

"हा भाबडेपणा आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडून अपेक्षा नव्हती. तुमच्याच सूचनेने ही गोष्ट उभी राहिली."

तेव्हा तिचा बांध फुटला. ती उठून उभी राहिली, फळ्यावरच्या तीन ओळींकडे पाठ करून, आणि बोलत सुटली. "ही गोष्ट नाही. ती बाई खरी आहे. मी सोमवारी तिच्या घरी गेले होते, तिने मला पाणी दिलं. तुम्हाला पुरावा हवा ना? या कागदांत नाहीत अशा गोष्टी सांगते. ती तपकीर ओढते आणि भाच्यापासून लपवते. तिचा एक डोळा पूर्ण गेलाय. खाटेवरून उठताना ती काठी घेत नाही, शेजारच्या लोखंडी कपाटाला धरून, त्याच्यावर सगळा भार टाकून उठते. ते कपाट भिंतीला ठोकलेलंसुद्धा नाही. खाली एका पायाला पुठ्ठ्याची घडी आहे आणि वर दोन जड ट्रंका आहेत. मी इमारती तपासते, माझ्या नजरेतून सुटत नाही. असं कोणी मनाने रचेल का? सांगा ना, रचेल का?"

मग बाईंनी अगदी हळू आवाजात, जवळजवळ आदराने म्हटलं, "तपशील म्हणजे काय, ते ऐकलंत सगळ्यांनी?"

तिने टेबलाभोवती पाहिलं. सगळे लिहीत होते. वकीलीणबाई, छोटी, ते चौघे, सगळ्यांच्या माना खाली होत्या. मौनीबाबाचा हात सर्वांत शेवटी थांबला. बोलायची त्याची पाळी अजून आली नव्हती, पण त्याने बोट वर करून बाईंकडे परवानगी मागितली, आणि बाईंनी ती दिली.

"पुठ्ठ्याची घडी," त्याने तिच्याकडे पाहत विचारलं, "कुठल्या पायाखाली होती? माझं लक्षच गेलं नाही कधी."

ती तोंड घट्ट मिटून उभी राहिली. खोली तिच्या उत्तराची वाट पाहत होती.

"डाव्या असणार," छोटी मागची पानं चाळत म्हणाली. "दुसऱ्या खर्ड्यात खाट कपाटाच्या उजव्या अंगाला आहे. घडी डाव्या पायाखाली असेल तर कपाट खाटेकडेच कलतं." तिने वर पाहिलं, मदत केल्याच्या आनंदाने. "हो ना, टेपताई?"

मौनीबाबाने ते लिहून घेतलं. छोटीचं बरोबर होतं.